परभणीचा उद्याचा बाजार कुठे भरणार?

शटर खाली ओढलेलं दुकान आजच्यापुरतं बंद आहे की कायमचं बंद पडलंय, हे ठरवायला आधी कुलूप बघावं लागतं. कुलपावर गंज चढलेला असेल आणि शटरच्या खाचेत पालापाचोळा साचून त्याचा थर झाला असेल, तर वहीत ‘रिकामा गाळा’ अशी नोंद करायची. तेवढ्यानं खात्री होत नाही. मग विजेच्या मीटरचा दिवा लुकलुकतोय का ते बघायचं आणि शेवटी बाजूच्या पानटपरीवर विचारायचं. पानटपरीवाल्याला सगळं माहीत असतं. मालक पुण्याला गेला, भावाभावांत वाटणीचा दावा चालू आहे, दुकान दिवाळीपुरतंच उघडतं. यातलं काहीच उपग्रहाच्या छायाचित्रात दिसत नाही.

नगर रचना विभागात रचना सहायक म्हणून मी बराच काळ हे काम केलं. शहराचा विकास आराखडा करायचा म्हटलं की सुरुवात इथून होते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आराखडा करण्याचा इरादा जाहीर झाल्यापासून सहा महिन्यांत हद्दीतल्या जमिनीची पाहणी करून ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’ तयार करावा लागतो. घरं पिवळी, कारखाने जांभळे, बागा हिरव्या आणि व्यापार निळा. पूर्वी हे रंग पेन्सिलीनं भरत, आता संगणकावर भरतात. पण कुठल्या जागेला कुठला रंग द्यायचा, ते रस्त्यावर उतरलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. निवृत्तीनंतर परभणीत राहताना ती सवय सुटली नाही. भाजी आणायला निघालो तरी माझं लक्ष पाटीकडे, पायरीकडे आणि वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांकडे जातं.

वाळत घातलेले कपडे ही मोठी खूण आहे. गुजरी बाजाराच्या बाजूला जुन्या इमारतींत खाली किराणा, भांडी, कापड आणि वर कुटुंब, अशी रचना आहे. तिथे वर कपडे दिसले नाहीत, तर वरची खोली गोदाम झाली असं धरून जिना चढून खात्री करायची. नकाशात अशा घराला ‘मिश्र वापर’ म्हणतात. वसमत रोडला निराळी गोष्ट दिसते. तिथे घर म्हणून बांधलेल्या बंगल्याच्या पुढच्या भिंतीत शटर बसतं. आधी एक, मग तीन. पाठोपाठ अंगण जातं, मग कुंपण जातं आणि पायऱ्या थेट रस्त्याच्या कडेला येतात. मागे कुटुंब राहतच असतं. हा एक बदल सुटा बघितला तर किरकोळ वाटतो. काळ्या कमानीपर्यंत दोन्ही बाजूंनी चालत गेलं की कळतं, शहराचा सगळा नवा व्यापार दहा-बारा फूट रुंदीच्या गाळ्यांची एकेरी ओळ होऊन रस्त्याला चिकटलाय. जिंतूर रोड, पाथरी रोड, गंगाखेड रोड, सगळीकडे हेच. एकेरी ओळीला पाठीमागे माल उतरवायला जागा नसते. म्हणून टेम्पो पुढेच उभा राहतो, गिऱ्हाइकाची मोटारसायकल त्याच्या बाजूला आणि चालणारा माणूस रस्त्याच्या मधोमध.

आणि हे सगळं सकाळी दहा ते संध्याकाळी पाचमध्ये बघून भागत नाही. पाहणी सरकारी वेळेत होते, बाजार तिच्यानंतर भरतो. संध्याकाळी सहानंतर गांधी पार्कच्या बाजूनं जाऊन बघा. फळांचे गाडे, पाणीपुरी, मोजे-रुमाल, मोबाइलची कव्हरं. दुपारच्या नकाशात जो नुसता रस्ता होता, तो दिवेलागणीला बाजार झालेला असतो. माझ्या मते संध्याकाळची फेरी केल्याशिवाय जमीन वापराचा नकाशा पुरा झाला असं म्हणूच नये. फेब्रुवारीत २ तारखेपासून हजरत तुराबुल हक यांचा उर्स सुरू होतो. तेव्हा दर्ग्याच्या परिसरात आख्खी बाजारपेठ उभी राहते आणि उर्स संपला की उठून जाते. आराखड्यात अशा जागेला रंग नसतो. तरी ती दरवर्षी लागते, आणि तिच्यावर एकदा प्लॉट पडले की परत मिळत नाही.

पुढच्या वीस वर्षांना व्यापारासाठी किती जागा लागेल, हा हिशेब इथून पुढे सुरू होतो. लोकसंख्येपासून सुरुवात करायची. २००१ च्या जनगणनेत परभणी शहर सुमारे २ लाख ५९ हजारांचं होतं, २०११ मध्ये ते ३ लाख ७ हजारांवर गेलं. दहा वर्षांत ४८ हजारांची भर. दर दशकाला तेवढीच भर पडेल असं धरलं तर २०४१ मध्ये साडेचार लाख लोक होतात. वाढीचा टक्का तोच राहील असं धरलं तर पाच लाख दहा हजार होतात. दोन्ही रीती पुस्तकात आहेत, दोन्ही बरोबर आहेत, आणि दोघींत साठ हजार माणसांचा फरक आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नवीन जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तोवर प्रत्येक आराखडाकाराला २०११ च्या आकड्यावर उभं राहूनच लांबचं बघावं लागतं.

माणसांवरून जमीन काढायला केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. पाच हजार वस्तीमागे रोजच्या खरेदीसाठी दीड हजार चौरस मीटर, पंधरा हजारांमागे स्थानिक बाजारासाठी ४,६०० चौरस मीटर, लाखामागे एक मोठं केंद्र. मध्यम शहराच्या विकसित क्षेत्रात व्यापाराचा वाटा तीन ते चार टक्के असावा, असंही त्यात सांगितलं आहे. साठ हजारांचा जो फरक वर आला, त्याचे नुसते स्थानिक बाजार धरले तरी चार होतात, म्हणजे साधारण साडेचार एकर. आज ही जागा राखली आणि माणसं आली नाहीत, तर एखाद्या शेतकऱ्याची जमीन विनाकारण अडकून पडते. राखली नाही आणि माणसं आली, तर नवीन वसाहतीतल्या बायकांना भाजीसाठी तीन किलोमीटर जावं लागतं.

मला या सूत्रात परभणीपुरती मोठी त्रुटी दिसते. ते शहरात राहणाऱ्यांना मोजतं. परभणीचा बाजार शहरात राहणाऱ्यांवर चालतच नाही. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. सकाळच्या एसटीनं पालम, जिंतूर, सोनपेठचा माणूस येतो. दवाखाना, कोर्ट, कलेक्टर कचेरी, लग्नाचा बस्ता, मोटारीचा पार्ट अशी चार कामं एका फेरीत उरकतो आणि संध्याकाळी गावी जातो. मृगाच्या तोंडावर बियाणं-खताच्या दुकानांपुढे जी गर्दी होते, तीत शहरातला माणूस शोधावा लागेल. दवाखान्यांच्या गल्लीत औषधाचं दुकान, पॅथॉलॉजी, खानावळ आणि पेशंटच्या नातेवाइकांना टेकायला ओटा, हे सगळं मिळून एकच व्यापार आहे. त्याची जागा तीन लाखांच्या हिशेबानं काढली तर ती कायम अपुरीच पडणार. बसस्थानकावर उतरणारी आणि रेल्वे जंक्शनवर गाडी बदलणारी माणसं मोजायला हवीत. हंगामात एकदा आणि हंगामाबाहेर एकदा मोजली, तरच आकडा खरा निघेल.

असा विचार करून आखलेली जागा याच शहरात होती, ती म्हणजे मोंढा. निजामाच्या राजवटीत १९३० च्या सुमारास शेतमालाच्या बाजाराच्या नियमनाचा कायदा आला. पुढे मराठवाड्यात गावोगाव मोंढे वाढले, ते मालाची ने-आण समोर ठेवून. पुढे आडतीचं दुकान, त्याला माल पसरायला ओटा, मागे गोदाम आणि मधे बैलगाडी वळेल एवढं मोकळं आवार. हमाल, मापाडी, आडत्या, शेतकरी यांच्या हालचालीला धरून ती मोजमापं निघाली होती. परभणीतही जुना मोंढा अपुरा पडला तेव्हा नवा मोंढा झाला. आता त्याच्याभोवती शहर आलंय. सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात तेव्हा आवार पुरत नाही, आणि आवाराच्या कडेचे गाळे शेतमालाऐवजी इतर धंद्यांकडे वळू लागतात. एक मोंढा भरत आला की पुढच्याची जागा तेव्हाच हातात असायला हवी, कारण मोंढ्याला लागते तेवढी सलग जमीन शहराजवळ पुन्हा स्वस्तात मिळत नाही. मुंबईचं उदाहरण मोठं आहे, पण मुद्दा हाच आहे. फोर्टमधल्या कचेऱ्यांची दाटी कमी व्हावी म्हणून वांद्रे-कुर्ला संकुलाची जबाबदारी १९७७ मध्ये एमएमआरडीएकडे गेली. ते संकुल खऱ्या अर्थानं गजबजायला पुढे दोन-अडीच दशकं लागली. तेवढं आधी ठरवलं म्हणून जागा मिळाली.

परभणीत कोणी मोठी मोकळी जमीन दाखवा म्हटलं की बोट कृषी विद्यापीठाकडे जातं. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या शेतांना मी रिकामी जागा मानत नाही. परभणी मोती ज्वारी, परभणी क्रांती भेंडी हे वाण या विद्यापीठानं दिले. त्या रानावर निळा रंग चढू नये, एवढं मी ठामपणे म्हणेन.

मग जागा आणायची कुठून? नेहमीची रीत आरक्षणाची. आराखड्यात एखाद्या गट नंबरवर ‘भाजी मंडई’ किंवा ‘शॉपिंग सेंटर’ असं लिहायचं आणि महापालिकेनं पुढे ती जमीन घ्यायची. २०११ च्या नोव्हेंबरात परभणी नगरपालिकेची महापालिका झाली, पण दर्जा वाढला म्हणून तिजोरी भरत नाही. कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत काही झालं नाही तर आरक्षण रद्द होतं. महाराष्ट्रातल्या लहान-मध्यम शहरांत किती मंडया अशा कागदावरच गेल्या, ते माझ्यासारख्यानं जवळून बघितलंय. मालकाचाही दोष नसतो. त्याला दहा वर्षं ना विकता येतं, ना बांधता येतं.

नगररचना योजनेची वाट मला यापेक्षा खरी वाटते. मुंबई इलाख्यात तिचा कायदा १९१५ मध्येच आला होता. शेजारशेजारच्या मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, शाळा, मंडई काढायची आणि उरलेली नीट आखलेल्या प्लॉटच्या रूपात ज्याच्या त्याला परत द्यायची. जमीन कमी होते, किंमत वाढते, आणि बाजाराची जागा पालिकेच्या ताब्यात पहिल्याच दिवशी येते. शहराच्या कडेला, जिथे अजून कापूस-तूर उभी आहे, तिथेच हे जमतं. एकदा गुंठे-गुंठे विकले गेले की दोनशे मालकांना एकत्र बसवणं कोणाला शक्य होत नाही.

फेरीवाल्यांची जागाही याच हिशेबात धरायला हवी. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानं लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायला सांगितलंय. २०११ च्याच आकड्यानं परभणीत हे साडेसात हजारांहून अधिक गाडे होतात. गाडा आणि त्यापुढचं गिऱ्हाईक मिळून चार चौरस मीटर धरले, तर एकूण साडेसात एकर जागा झाली. हा आकडा घाबरवणारा नाही. शहरभर विभागून, प्रत्येक प्रभागात अर्धा-पाऊण एकर एवढीच ती मागणी आहे. ती न राखल्यामुळे हीच साडेसात एकर आपण रोज संध्याकाळी रस्त्यातून देतो.

दुकानांची परभणीला चिंता नाही. सध्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली पुरेशा रुंदीच्या रस्त्यावर राहत्या घराच्या जागेतही दुकानांना वाव देते, त्यामुळे गाळे आपोआप निघत राहतील. टंचाई आहे ती गोदामाची, मंडईची, ट्रॅक्टर वळेल अशा आवाराची आणि गाडे लावायच्या पट्टीची. यांना आराखड्यानं जागा दिली नाही तर दुसरं कोणी देणार नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. त्यानंतर हरकती आणि सूचना द्यायला ३० दिवस मिळतात. त्या ऐकायला बसणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगर रचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. बहुतेक लोक या नकाशात आपल्या प्लॉटवरून रस्ता जातो का, एवढंच बघून परत फिरतात. परभणीत ती वेळ येईल तेव्हा महापालिकेत जाऊन आपल्या प्रभागाचा तुकडा नीट बघा. भाजी मंडई कुठे दाखवलीय, तिच्यापर्यंत टेम्पो जाईल असा रस्ता आहे का आणि ती जमीन आज कोणाच्या नावावर आहे, हे विचारा. जागा दाखवलेली नसेल तर गट नंबरसह लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. सुनावणीला बोलावतात, तेव्हा जरूर जा.