विसरभोळेपणा आणि गोळ्यांचा डबा

आजी चष्मा कुठे ठेवला ते विसरली, तेच तेच पुन्हा विचारू लागली, की आपण 'वय झालं' म्हणून मोकळे होतो. मित्रांनो, एकदा तिचा गोळ्यांचा डबा उघडून बघा.

आठवण पक्की करण्याच्या कामात मेंदू ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन निरोप्यासारखं वापरतो. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, नसांच्या दुखण्यावरचं ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवी होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, ही तिन्ही याच निरोप्याची वाट अडवतात. (तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, तेही त्यामुळेच!) एखादी चालूनही जाईल, पण तीन डॉक्टरांनी तीन कागदांवर लिहिलेल्या गोळ्यांची बेरीज करणार कोण? सिॲटलमध्ये 65 वर्षांपुढच्या 3,434 जणांवर सरासरी सात वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 2015 साली छापलेल्या त्या अभ्यासात, अशी औषधं बराच काळ घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळला. औषधांमुळेच झाला असं मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

झोपेसाठी, घबराटीसाठी दिलेल्या गोळ्यांचं गणित तर आपल्याच अभ्यासातलं. डायझेपामचा अर्धायुष्यकाल विशीत साधारण 20 तास, ऐंशीत 90 तासांच्या आसपास. कारण वयाबरोबर अंगात चरबीचा वाटा वाढतो आणि हे औषध चरबीत मुरून बसतं. रोज एक गोळी घेतली तर चोवीस तासांनी तरुणाच्या अंगात तिचा 44 टक्के भाग उरतो, आजोबांच्या अंगात 83 टक्के. भूमिती श्रेढी मांडा. काही आठवड्यांनी गोळी घेतल्या घेतल्या तरुणाच्या अंगात पावणेदोन गोळ्या, आजोबांच्या अंगात जवळजवळ सहा! त्यात म्हातारा मेंदू या औषधाला जास्त हळवा. मग सकाळी नातवाचं नाव आठवेना, यात नवल ते काय?

मधुमेहाचं मेटफॉर्मिन वेगळ्याच वाटेने जातं. वर्षानुवर्षं घेतलं तर बी-12 कमी होऊ शकतं, आणि त्यानेही विसर पडतो. हे रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं.

पण म्हणून घरी जाऊन गोळ्या फेकू नका! डायझेपाम, अल्प्राझोलाम एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते. ती हळूहळूच कमी करावी लागतात. सगळ्या स्ट्रिपा, दुकानातून आपणच आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांसकट, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि विसरणं कधीपासून सुरू झालं, त्या सुमारास कुठली गोळी नवी आली, ते सांगा.