दार हलवायचं, तर आधी भिंतीला विचारा

शिराळ्यात बोलायचं तर सुरुवात इथल्या मारुतीपासूनच करू. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी हा एक. देवळाच्या भिंतीत दोन्ही बाजूंना झरोके आहेत आणि उगवतीचा, मावळतीचा प्रकाश मूर्तीच्या मुखावर पडतो, असं सांगतात. म्हणजे भिंत कुठे मोकळी ठेवायची, हे बांधणाऱ्यानं आधी ठरवलं होतं. आपण घर दुरुस्तीला काढतो तेव्हा हाच विचार पहार मारल्यावर सुचतो.

आजचं उदाहरण तुमच्याआमच्या घरासारखंच आहे. दगड-मातीच्या दीड फुटी भिंती, वर कौलं. माजघरातून न्हाणीकडे जायचं दार अगदी कोपऱ्यात, अरुंद. आजींना रात्री सगळं माजघर ओलांडून जावं लागतं. घरच्यांना दार पाच फूट अलीकडे घ्यायचं आहे, तीन फूट रुंद करायचं आहे. गवंडी म्हणतो, दोन दिवसांचं काम. आम्ही म्हणतो, महिना धरा. का, ते सांगतो.

पहिला प्रश्न असा की, या भिंतीवर भार आहे का? वर बघा. कड्यांची टोकं ज्या भिंतीत शिरलेली दिसतात, ती भिंत छप्पर पेलते. तुळईखाली लाकडी खांब असेल तर भार खांबावर असतो, पण खांबाचा पाया वाळवीनं खाल्ला असेल तर तो केव्हाच भिंतीवर आलेला असतो. म्हणून खांबाचं बूड टोचून बघा.

दुसरी गोष्ट. दार म्हणजे भिंतीतली पोकळी. वरचा भार तिला वळसा घालून दोन्ही बाजूंच्या भिंतीवर उतरतो. त्या बाजूच जुन्या दाराच्या आणि नव्या दाराच्या मधे अडकल्या, तर मधला तुकडा एकटा पडतो. म्हणून दोन दारं एका वेळी उघडी ठेवायची नाहीत. आधी जुनं बुजवायचं, मग नवं फोडायचं.

बुजवताना कडेचे दगड एकआड एक काढून दाते करा आणि नवं काम त्यात गुंतवा. नुसती वीट लावून सिमेंट फासलं, की उभी भेग ठरलेली. हे काम वाळायला दोन-तीन आठवडे द्या. त्याच दिवशी अंगणात नवे लिंटेल ओता. तीन फुटांच्या दाराला दोन्हीकडे नऊ-नऊ इंच टेकण धरून लांबी साडेचार फूट. भिंत दीड फुटी, म्हणून नऊ इंच रुंदीचे दोन. सहा इंच जाडीचा एकेक साधारण १२० किलो भरतो, तेव्हा माणसं जास्त बोलवा.

मग छपराला दोन्ही अंगांनी धिरे द्या, खाली फळ्या टाकून. आधी फक्त लिंटेलपुरती खाच, तीही अर्ध्या जाडीची. एक लिंटेल बसवून वरची फट घट्ट भरा, ती पक्की झाल्यावर दुसऱ्या अंगानं दुसरा. त्यानंतरच खालचे दगड काढा, वरून खाली.

हे सगळं दिवाळीनंतर करा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, आणि भिजलेल्या मातीत जोर राहत नाही. कोयनाही लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट इथल्या जुन्या माणसांना आठवते. १९९३ साली किल्लारीतही माणसं दगड-मातीच्या भिंतींखालीच दबली. भूकंपात कोपरे आधी सुटतात. म्हणून कोपऱ्यापासून आम्ही निदान दोन फूट भिंत अखंड ठेवतो. या घरातलं दार कोपऱ्यातून निघतंय, हे तर चांगलंच आहे.

मधले तीन-चार आठवडे न्हाणीला दारच नसेल. घरच्यांनी विचारलं, आजींचं काय? आजींची खाट सोप्यात हलवा, रात्री बाहेरून जाताना कुणीतरी सोबत राहा. गैरसोय आहे, कबूल. पण त्या दारातून रोज रात्री त्याच जाणार आहेत, डोक्यावर तीच भिंत घेऊन.