तीन मतदारांची पोटनिवडणूक

ब्रिटनच्या ‘हाउस ऑफ लॉर्ड्स’ या वरिष्ठ सभागृहात लोकांनी निवडून दिलेलं कुणीच नसतं. ते लोकाधारित करू, असं १९११ च्या कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं होतं. १९५८ पासून तहहयात सदस्य नेमले जाऊ लागले. १९९९ मध्ये बहुतेक वंशपरंपरागत सरदार घरी गेले, तरी तडजोड म्हणून ९२ जागा राहिल्या. त्यांतली एक २०१६ मध्ये रिकामी झाली, तेव्हा उमेदवार सात आणि मतदार फक्त तीन! तिन्ही मतं व्हायकाउंट थर्सो यांना पडली. ८० टक्के सदस्य निवडून आणण्याचं विधेयक २०१२ मध्ये बारगळलं. निवडून आलेलं वरिष्ठ सभागृह कनिष्ठ सभागृहाला शिरजोर होईल, ही भीती खरी आहे. पण जन्मावरून कायदे करण्याचा हक्क मिळणं त्याहून वाईट.