भिंतीचा रेनकोट

मराठी विभागात कविता आणि प्रवासवर्णनं भरपूर येतात. मी मात्र आज तुम्हाला चक्क बाथरूममध्ये नेणार आहे! नाक मुरडू नका. फिजिक्स, केमिस्ट्री आणि थोडंसं सिव्हिल एवढं सगळं पाच बाय सात फुटांच्या खोलीत मावतं, हे मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कळलं. डोंबिवलीला आजीच्या फ्लॅटमध्ये मी आणि मामाने मिळून बाथरूमच्या भिंतींना वॉटरप्रूफ पॅनल बसवले. गवंडी नाही, सुतार नाही. त्याबद्दलच हा लेख.

आधी पॅनल म्हणजे काय ते सांगते. पीव्हीसीची पोकळ, हलकी पट्टी. साधारण दहा इंच रुंद, दहा फूट लांब आणि बोटाच्या पेराहूनही कमी जाड. एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत सरकवत गेलं की भिंत झाकली जाते. टाइल्स फोडायच्या नाहीत, सिमेंट कालवायचं नाही. दुकानदार सांगतात, "एका दिवसात बाथरूम नवीन!" आणि ते खोटंही नाही.

पण पॅनल हा भिंतीला घातलेला रेनकोट आहे. रेनकोट बाहेरचं पाणी अडवतो. आतून अंग ओलं असेल तर तो ती ओल फक्त लपवतो. आजीच्या बाथरूमची एक भिंत वरपासून काळपट ओली होती आणि घरात सगळ्यांना ती झाकायची घाई झाली होती. एकटी आजी म्हणाली, "आधी पाणी कुठलं ते बघा, मग काय ते चिकटवा."

इथे एक गंमत सांगते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. माझ्या डिक्शनरीत या सगळ्याला एकच शब्द, लीकेज! आजीकडे मात्र तीन वेगळे शब्द निघाले. भिंतीला घाम येतो, भिंत पाझरते आणि नळ गळतो. मला वाटलं, म्हातारीचं बोलणं. पण नीट पाहिलं तर ही तीन वेगवेगळी कारणं आहेत आणि तिघांवरचा उपायही वेगळा आहे.

घाम म्हणजे कंडेन्सेशन. हवा 25 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर ड्यू पॉइंट साधारण 21 अंश येतो. भिंत त्याहून थंड असली की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. यात भिंतीचा काही दोष नाही. एक्झॉस्ट फॅन लावा, खिडकी उघडी ठेवा, झालं.

गळणं म्हणजे नळाच्या पाइपातून येणारं पाणी. या पाइपात दिवसरात्र प्रेशर असतं, त्यामुळे कोणी आंघोळ करो वा न करो, डाग ओलाच राहतो. पाझर बहुतेक वेळा सांडपाण्याच्या वाटेने येतो, म्हणजे नहाणी ट्रॅप, त्याचा जॉइंट किंवा टाइल्समधल्या फटी. तिथे पाणी वापरलं तेव्हाच येतं, म्हणून डाग कमीजास्त होतो. आणि डाग फक्त पावसाळ्यातच वाढत असेल तर बाहेरची भिंत तपासा. आतून कितीही पॅनल लावले तरी पाऊस ऐकत नाही.

आता हे ओळखायचं कसं? आमच्या टेस्ट्स अगदी घरगुती होत्या.

पहिली टेस्ट प्लॅस्टिकची. भिंतीचा फूटभर भाग फडक्याने पुसून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवायचं, चारही कडा टेपने घट्ट बंद करायच्या आणि 24 तास थांबायचं. प्लॅस्टिकच्या बाहेरून थेंब आले तर तो घाम. आतून आले तर पाणी भिंतीतून येतंय. आमच्याकडे आतून आले.

दुसरी टेस्ट कॉकची. बाथरूमला पाणी देणारा कॉक दोन दिवस बंद ठेवला आणि आंघोळी दुसरीकडे केल्या. डाग तसाच! म्हणजे आमचे पाइप निर्दोष. आता बोट वरच्या मजल्याकडे वळलं.

तिसरी टेस्ट सगळ्यात अवघड, कारण त्यात वरच्या काकू होत्या. "आमच्याकडे काही गळत नाही, आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे," असं त्यांनी दारातच सांगितलं. त्यांचं चूक नव्हतं. ज्याच्या जमिनीतून पाणी जातं त्याला ते दिसत नाही, ते खालच्याला दिसतं. मामा म्हणाला, "काकू, भांडायला नाही आलो. तुमच्या नहाणीत जरा खायचा लाल रंग घालून वर दोन बादल्या पाणी ओतू द्या. खाली लाल दिसलं नाही तर मी तुम्हाला वडापाव देतो." काकू हसल्या आणि तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या छताच्या कोपऱ्यात फिकट गुलाबी ओघळ होता. वडापाव वाचला! काकूंनी प्लंबर बोलावून ट्रॅपचा जॉइंट नवीन करून घेतला.

समजा ही चौकशी न करता आम्ही पॅनल ठोकले असते तर? पाणी पॅनलमागून वाहत राहिलं असतं आणि कुणाला दिसलंच नसतं. स्लॅबमधल्या सळईला गंज चढतो, आणि गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त होतं. तो आतून काँक्रीटला ढकलतो, आधी तडे जातात, मग पोपडे पडतात. आम्हाला ते पहिला पोपडा आजीच्या डोक्यावर पडल्यावर कळलं असतं. म्हणून सांगते, ओला डाग हा इमारतीने दिलेला निरोप असतो. वाचल्याशिवाय तो झाकू नका.

दुरुस्तीनंतर आम्ही तीन आठवडे भिंत सुकू दिली, प्लॅस्टिकची टेस्ट पुन्हा केली आणि आतून कोरडं निघाल्यावरच कामाला लागलो. आता कृती.

हिशोब. बाथरूम 5 बाय 7 फूट, म्हणजे घेर 24 फूट. अडीच फुटांचं दार वजा केलं की उरले साडेएकवीस फूट, म्हणजे 258 इंच. दहा इंची पॅनल 26 लागतात, कापाकापीसाठी दोन-तीन जास्त घ्यावे. भिंत झाकायची उंची सात फूट ठेवली. उरलेले तुकडे दारावर लागतात.

सांगाडा. भिंत सपाट आणि कोरडी असेल तर पॅनल नुसत्या ॲडहेसिव्हनेही चिकटतात. आमची भिंत पोटात गेलेली होती, म्हणून आडव्या पट्ट्या मारल्या, दोन पट्ट्यांमध्ये दीड फूट अंतर ठेवून. लाकडी पट्टी घेऊ नका, बाथरूममध्ये ती कुजते. ॲल्युमिनियमची घ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. ड्रिल करण्याआधी मेन स्विच बंद करा आणि नळाच्या किंवा स्विचच्या सरळ वरच्या-खालच्या रेषेत भोक पाडू नका, कारण पाइप आणि वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. ड्रिलला वीज बाहेरच्या खोलीतून घ्यायची असेल तर बाथरूमचं सर्किट खरंच बंद झालंय ना, हे टेस्टरने तपासा. गॉगलही घाला, हिरो दिसण्यासाठी नाही, डोळ्यांसाठी.

पहिला पॅनल. कोपऱ्यात आधी कॉर्नर ट्रिम, मग पहिला पॅनल. तो ओळंब्यात हवा. पहिला अर्धा सेंटिमीटर तिरका गेला तर शेवटच्याला पाचर मारावी लागते. स्क्रू जिभेच्या पट्टीत मारायचा, म्हणजे पुढच्या पॅनलच्या खाचेखाली तो झाकला जातो. जिथे शॉवरचं पाणी थेट पडतं तिथे जोडण्याआधी खाचेत सिलिकॉनची बारीक रेघ ओढा. जोड हाच पॅनलचा कमजोर भाग.

फट. इथे अकरावीचं फिजिक्स कामी आलं! पीव्हीसी दर अंशाला मीटरमागे साधारण 0.07 मिलिमीटर वाढतं, काँक्रीट त्याच्या सातव्या हिश्शाइतकंच. पॅनल 2.1 मीटरचा आणि तापमानातला फरक 20 अंश धरला तर वाढ होते जवळजवळ 3 मिलिमीटर. पॅनल वरखाली घट्ट बसवला तर उन्हाळ्यात तो पोट काढतो. म्हणून वर आणि खाली मिळून पाच मिलिमीटर मोकळे ठेवायचे. ती फट ट्रिममध्ये लपते. खालच्या कडेला सिलिकॉन भरा आणि 24 तास पाणी लावू नका. आजीने ते चोवीस तास शेजारी काढले.

झडप. कॉक आणि डायव्हर्टर जिथे आहेत तिथे पॅनलला उघडणारी झडप ठेवा. पुढे कधी वॉशर बदलायचा झाला तर अख्खी भिंत उचकटावी लागू नये.

शेवटची गोष्ट सगळ्यात गंभीर आहे. पॅनल लावताना "छान दिसतं" म्हणून काही लोक व्हेंटिलेटरही झाकून टाकतात. ते कधीही करू नका. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध होऊन दगावू शकतो. गॅस गीझरची जागा बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. शिवाय पीव्हीसी 75-80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणून ते कुठल्याही गरम गोष्टीला टेकवू नका.

सगळं धरून आम्हाला पॅनल लावायला दोन दिवस लागले आणि पाणी शोधायला जवळजवळ आठवडा. हे प्रमाण बरोबर आहे असं मला वाटतं. तुमच्या घरी कोणी भिंत झाकायचं म्हणालं तर आधी फूटभर प्लॅस्टिक आणि टेप घेऊन या. खर्च शंभर रुपयांच्या आत आहे. आणि हो, होस्टेलच्या बाथरूमवर हा प्रयोग करणार असाल तर आधी रेक्टरांची परवानगी घ्या. नाहीतर पॅनल भिंतीवर लागण्याआधी तुमचं नाव नोटीस बोर्डावर लागेल!