दवाखान्याच्या कागदावरले शब्द



ऊसबिलातली कपात आपल्याला तोंडपाठ असते. पण दवाखान्याचा कागद हाती आला की सही कुठं करायची, एवढंच आपण विचारतो. म्हणून त्यातले काही शब्द येथे उलगडून देत आहोत.

महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत आपला अमरावती होता. पूर्वी कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती २०२३ च्या निर्णयाने पाच लाखांवर गेली आणि पांढरे रेशनकार्डही त्यात आले. मात्र दवाखाना ‘अंगीकृत’ पाहिजे, म्हणजे योजनेशी करार झालेला. आणि आजारही यादीतला पाहिजे. परतवाड्याहून अमरावतीस पेशंट नेण्याआधी १५५३८८ वर फोन करून हे दोन्ही विचारून घ्यावे. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड व आधार दाखवावे.

‘पूर्वपरवानगी’ म्हणजे आपली तोडणीची चिठ्ठीच समजा. ती आल्याशिवाय ऊस तोडला तर जे होते, तेच इथेही होते. जीवावरचा प्रसंग असेल तर फोनवर परवानगी घेण्याची सोय आहे.

खाजगी पॉलिसीची भानगड वेगळी. आधीपासून असलेल्या दुखण्यासाठी ‘प्रतीक्षा कालावधी’ असतो. एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षे आहे, पूर्वी चार होता. आडसाली ऊससुद्धा दीड वर्षात हाती येतो! साखर, बीपी असेल तर फॉर्मात लिहावेच. एजंट ‘राहू द्या हो’ म्हणाला तरी. लपवलेले दुखणे दाव्याच्या वेळी बाहेर निघते.

सर्वात जास्त फसगत ‘खोलीभाड्याच्या मर्यादे’त होते. समजा मर्यादा दिवसाला ३,००० रुपये आहे आणि आपण ६,००० ची खोली घेतली. चार दिवसांचे १२,००० खिशातून जातील, हा आपला हिशेब. पण बऱ्याच पॉलिसींत डॉक्टर, ऑपरेशन, नर्सिंग यांची फीही त्याच प्रमाणात कापतात. ती ४०,००० असेल तर निम्मे, म्हणजे आणखी २०,००० आपल्याच अंगावर. औषधांना ही कपात लागत नाही. एकूण ३२,००० गेले, तेही एका बऱ्या खोलीपायी. भरती होतानाच काउंटरवर मर्यादा विचारा.

‘को-पे’ म्हणजे दर बिलातला ठरलेला आपला वाटा. ‘कॅशलेस’मध्ये कंपनी परस्पर दवाखान्याला देते, नाही तर आधी आपण भरायचे, मग मागायचे. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, तपासणीचे रिपोर्ट आणि मूळ पावत्या लागतात, म्हणून झेरॉक्स घरी ठेवून मूळ कागद द्यावेत व पोच घ्यावी.