विश्लेषण : १८९८ चा आराखडा, १९५१ चे इंजिन! धावताना नव्हे, उभे राहून हरलेल्या ‘शंटिंग’ इंजिनांची गोष्ट

बिडकीन : पैठण रोडवर सकाळी दहा मिनिटे उभे राहा. कंटेनर, ट्रेलर, डंपर यांची रांग संपत नाही. ऑरिकच्या बिडकीन औद्योगिक वसाहतीत एथर, टोयोटा किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू अशा कंपन्यांनी प्रकल्प जाहीर केल्यापासून इथल्या चहाच्या टपरीवर आणि आयटीआयच्या वर्गात एक प्रश्न हमखास निघतो : गाड्या बॅटरीवर गेल्या, तर डिझेल इंजिनचे काम शिकलेल्या पोरांनी करायचे काय? जुने तंत्र नेमके कधी संपते?

या प्रश्नाचे एक उत्तर रेल्वेच्या इतिहासात आहे. मात्र ते राजधानी किंवा डेक्कन क्वीनच्या इंजिनात सापडत नाही. ते आहे यार्डात दिवसभर डबे ढकलणाऱ्या, कोणाच्या फोटोत न येणाऱ्या लहानशा शंटिंग इंजिनात. ब्रिटनमध्ये अशा इंजिनांचा एक वर्ग १८९८ मध्ये आखला गेला आणि त्याच आराखड्यावर १९५१ पर्यंत नवी इंजिने बनत राहिली. ‘जे-७२’ हे त्याचे नाव. हे इंजिन इतकी वर्षे का टिकले आणि मग एका दशकात का संपले, हे समजून घेऊ.

शंटिंग म्हणजे नेमके काय?

मालगाडी स्टेशनात आली म्हणजे काम संपत नाही. तिच्यातल्या काही वाघिणी सिमेंटच्या गोदामाकडे, काही धान्याच्या, काही दुरुस्तीला जायच्या असतात. त्या सोडवायच्या, सांधे बदलून वेगळ्या रुळांवर न्यायच्या आणि हव्या त्या क्रमाने पुन्हा जोडायच्या, याला शंटिंग म्हणतात.

या कामाला वेग लागत नाही. लागतो तो जोर, तोही थांबलेल्या अवस्थेतून. शिवाय दर दोन-चार मिनिटांनी पुढे-मागे करावे लागते. मुख्य मार्गावरचे इंजिन मोटारसायकल मानले, तर शंटिंगचे इंजिन हा ट्रॅक्टर आहे.

मुंबईतल्या वाफेची सुरुवातही शंटिंगनेच

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली, हे शाळेतच पाठ झालेले असते. पण मुंबईकरांनी वाफेचे इंजिन त्याच्या आदल्याच वर्षी पाहिले होते. फेब्रुवारी १८५२ मध्ये भायखळ्याच्या परिसरात ‘फॉकलंड’ नावाचे इंजिन रेल्वेच्या ठेकेदारांच्या कामावर रुजू झाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांच्यावरून त्याचे नाव ठेवले होते. लोहमार्गाच्या बांधकामासाठी वाघिणी हलवणे, म्हणजे शंटिंग, हेच त्याचे काम होते. साहिब, सिंध आणि सुलतान ही ठाण्याच्या गाडीची तीन इंजिने त्यानंतर प्रसिद्ध झाली.

‘जे-७२’ कसे जन्मले?

इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसल, संडरलँड, मिडल्सब्रो हा कोळशाच्या खाणी, जहाजबांधणी आणि बंदरांचा पट्टा. तिथे नॉर्थ ईस्टर्न रेल्वे चाले. या कंपनीचे प्रमुख अभियंता विल्सन वर्सडेल यांनी १८९८ मध्ये शंटिंगसाठी एक इंजिन आखले. त्यांचे थोरले बंधू टी. डब्ल्यू. वर्सडेल यांनी १८८६ मध्ये याच कंपनीसाठी बनवलेला एक वर्ग हाताशी होताच. विल्सन यांनी त्यात मोजके बदल केले : चाके लहान केली आणि सिलिंडर मोठे केले.

ऐकायला किरकोळ वाटते, पण सगळी मेख इथेच आहे. वाफेच्या इंजिनाची ओढ ढोबळमानाने तीन गोष्टींवर ठरते : वाफेचा दाब, सिलिंडरचा आकार आणि चाकाचा व्यास. पहिल्या दोन गोष्टी वाढल्या की ओढ वाढते. चाक मात्र लहान झाले की ओढ वाढते आणि वेग घटतो. गिअरच्या सायकलवर चढ चढताना आपण हेच करतो. पूर्वीच्या वर्गाचे चाक सुमारे १४० सेंटीमीटर व्यासाचे होते, ते नव्या इंजिनात सुमारे १२५ सेंटीमीटर झाले.

दुसरी खुबी वजनाची. या इंजिनाला मागे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा नव्हता. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही बाजूंना आणि कोळसा चालकाच्या पाठीमागे. म्हणून अशा इंजिनांना ‘टँक इंजिन’ म्हणतात. इंजिनाला सहाच चाके आणि सहाही दांड्यांनी एकमेकांना जोडलेली. त्यामुळे सुमारे ३९ टनांचे सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडे आणि चाके रुळावर घसरण्याची शक्यता कमी होई. मागे डबा नसल्याने चालकाला दोन्ही दिशांना नीट दिसे आणि इंजिन फिरवून घेण्यासाठी टर्नटेबलही लागत नसे.

मुलांच्या मोबाइलवरचा निळा ‘थॉमस’ आठवतो? तोही असाच सहा चाकांचा टँक इंजिन. ज्या ब्रिटिश ‘ई-२’ वर्गावरून त्याचे रूप घेतले, त्याची फक्त दहा इंजिने बनली आणि त्यातले एकही आज शिल्लक नाही.

५३ वर्षे तोच आराखडा!

नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १८९८ ते १९२२ या काळात या वर्गाची ७५ इंजिने घेतली. १९२३ मध्ये ब्रिटनच्या रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले आणि ही इंजिने लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेकडे गेली. ‘जे-७२’ हे नाव तेव्हाचे. १९२५ मध्ये आणखी १० बनली. एकूण ८५.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९४९ ते १९५१ दरम्यान डार्लिंग्टनच्या कारखान्यात याच वर्गाची आणखी २८ नवी इंजिने बांधली गेली! पहिल्या तुकडीतल्या इंजिनांनी तेव्हा पन्नाशी गाठली होती. नव्या इंजिनांत फरक होते, पण बारीकसारीक. एकूण संख्या झाली ११३.

असे का झाले, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही कळेल. साचे तयार होते, सुटे भाग जुन्या-नव्या इंजिनांना सारखेच चालत, फिटरला प्रत्येक नट-बोल्ट पाठ होता आणि काम तर पन्नास वर्षांपूर्वीचेच होते. यार्डातल्या वाघिणीला १८९८ मध्ये जेवढ्या सावकाश ढकलावे लागे, तेवढ्याच सावकाश १९५१ मध्येही ढकलावे लागे. मुख्य मार्गावरचे इंजिन वेग वाढला की जुने ठरते. शंटिंगमध्ये तो दबावच नव्हता.

मग ते हरले कुठे?

शंटिंगचे इंजिन दिवसातला बराच वेळ काहीच करत नाही. सिग्नलची, मालाची, पुढच्या गाडीची वाट पाहत उभे असते. वाफेच्या इंजिनाचा खरा खर्च या उभे राहण्यातच होता.

• थंड बॉयलर पेटवून कामापुरती वाफ तयार व्हायला काही तास लागतात. त्यामुळे काम नसले तरी आग विझवता येत नाही आणि कोळसा जळतच राहतो.
• चालकाबरोबर कोळसा टाकायला फायरमन लागतोच. इंजिन उभे असले, तरी बॉयलरमधील पाण्याच्या पातळीवर सतत लक्ष ठेवावे लागते. पातळी फार खाली गेली, तर स्फोटाचा धोका असतो.
• पाणी भरणे, राख काढणे आणि ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून आतला गाळ व क्षार धुणे या कामांत इंजिन अडकून पडते.

डिझेल शंटर बटण दाबून सुरू होतो आणि काम नसेल तर बंद करता येतो. एकच चालक तो चालवू शकतो आणि एकदा इंधन भरले की कित्येक पाळ्या निघतात. ओढीच्या बाबतीत ‘जे-७२’ नापास झाले नव्हते. हिशेब बिघडला तो रिकाम्या वेळेचा.

विशेष म्हणजे ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकातच डिझेल शंटर कामाला लागले होते. म्हणजे १८९८ च्या आराखड्यावर २८ नवी इंजिने बांधली जात होती, तेव्हा त्यांची जागा घेणारे यंत्र शेजारच्या यार्डात आधीच फिरत होते. १९५२ पासून ‘क्लास ०८’ या एकाच वर्गाची ९९६ डिझेल इंजिने दहा वर्षांत रुळांवर आली. १९५१ पर्यंत बनलेली नवीकोरी ‘जे-७२’ १९६४ पर्यंत नियमित सेवेतून बाद झाली. ज्या इंजिनाने सहज चाळीस वर्षे काढली असती, त्याच्या वाट्याला जेमतेम पंधरा वर्षेही आली नाहीत.

जाता जाता थोडा मानही मिळाला. १९६० च्या सुमारास दोन ‘जे-७२’ इंजिनांना जुन्या कंपनीचा हिरवा रंग देऊन न्यूकॅसल आणि यॉर्क स्थानकांवर डबे हलवण्याच्या कामावर ठेवले होते. आज या वर्गातले एकच इंजिन वाचले आहे, १९५१ मध्ये बनलेले क्रमांक ६९०२३. सेवेच्या शेवटी त्याला हिवाळ्यात रुळांच्या सांध्यांवरचा बर्फ वितळवण्याचे काम दिले होते, म्हणजे उभे राहायचे आणि वाफ सोडायची. पुढे एका रेल्वेप्रेमीने ते विकत घेतले आणि आपल्या आई-वडिलांच्या नावांतून त्याचे ‘जोएम’ असे नामकरण केले.

भारतात हिशेब वेगळा का निघाला?

‘जे-७२’ ची शेवटची तुकडी बनत होती, त्याच काळात भारतात चित्तरंजनचा कारखाना सुरू झाला. १ नोव्हेंबर १९५० रोजी तिथून ‘देशबंधू’ हे पहिले वाफेचे इंजिन बाहेर पडले. इथे ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन ‘अंतिम सितारा’ १९७० मध्ये बनले आणि मीटरगेजचे १९७२ मध्ये. ब्रिटनच्या मुख्य मार्गांवरून वाफ १९६८ मध्येच गेली होती, तर भारतात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची सेवा १९९५ पर्यंत चालली.

आपण मागासलेले होतो म्हणून असे झाले, असे म्हणणे सोपे आहे, पण अर्धवट. भारतात कोळसा घरचा होता, खनिज तेलाचा मोठा भाग आयात करावा लागे आणि मजुरी स्वस्त होती. इंजिन उभे असताना जळणारा कोळसा आणि फायरमनचा पगार इथे ब्रिटनइतका महाग पडत नव्हता. आकडे बदलले की गणिताचे उत्तरही बदलते.

आपल्या भागात याची चांगली आठवण म्हणजे मनमाड. तिथे जीआयपी रेल्वेचा ब्रॉडगेज आणि निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज एकमेकांना भेटत. रुळांची रुंदीच वेगळी असल्याने मराठवाड्याकडे येणारा माल एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे. पोती हमालांच्या पाठीवरून जात आणि दोन्ही बाजूंच्या वाघिणी लावून देण्यासाठी यार्डात शंटिंग चाले. १९९० च्या दशकात आपल्या मार्गाचे ब्रॉडगेज झाल्यावर हा खोळंबा संपला. भारतात शंटिंगसाठी खास इंजिने तुलनेने कमी होती. मुख्य मार्गावरून निवृत्त झालेली जुनी ब्रिटिश मालगाडी इंजिनेच अनेकदा यार्डात उरलेले आयुष्य काढत.

डिझेल शंटर मात्र इथेही लवकर आले. पहिला वर्ग ‘डब्ल्यूडीएस-१’ १९४४-४५ च्या सुमारास अमेरिकेहून आला. या नावात डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एस म्हणजे शंटिंग. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्तरंजनमध्येच ‘डब्ल्यूडीएस-४’ बनू लागले. काही वर्षे त्या एकाच कारखान्यात वाफेची इंजिने आणि डिझेल शंटर दोन्ही बनत होते.

आज डिझेलवरही तीच वेळ?

मुख्य मार्गांचे विद्युतीकरण झाले असले, तरी माल चढवण्या-उतरवण्याच्या अनेक साइडिंगवर विजेची तार नसते. वर तार असेल, तर क्रेन कशी फिरणार? म्हणून तिथे डिझेल लागते. पण शंटिंगमधले डिझेल इंजिनही बराच वेळ जागेवरच गुरगुरत असते. हे वाया जाणारे इंधन वाचवण्यासाठी रेल्वेने अनेक मोठ्या डिझेल इंजिनांत छोटे पूरक जनरेटर बसवले, म्हणजे उभे असताना मुख्य इंजिन बंद ठेवता येते. २०२० मध्ये पश्चिम मध्य रेल्वेच्या जबलपूर विभागाने त्याही पुढचे पाऊल टाकले. बॅटरी आणि ओव्हरहेड तार या दोन्हींवर चालणारे ‘नवदूत’ हे शंटिंग इंजिन त्यांनी तयार केले. बॅटरीवरचे इंजिन थांबले की त्याचा खर्चही जवळजवळ थांबतो.

बिडकीनच्या मुलांनी यातून काय घ्यावे?

एक, यंत्र चांगले आहे आणि काम करते आहे, एवढ्यावर त्याचे भवितव्य ठरत नाही. ‘जे-७२’ शेवटच्या दिवसापर्यंत चांगले काम करत होते. दोन, इंधन, मजुरी आणि रिकामा वेळ यांचे भाव जिथे जसे, तिथे बदल तसा लवकर किंवा उशिरा येतो. भारतात वाफेला ब्रिटनपेक्षा पंचवीसहून अधिक वर्षे जास्त मिळाली. डिझेललाही कुठे कमी, कुठे जास्त वर्षे मिळतील. तीन, यार्डातले काम संपले नाही, ते करणारे यंत्र बदलले. सांधे, ब्रेक, कपलिंग, चाके आजही तपासावी लागतात आणि ते करणारा हात लागतोच. बॉयलरवर राबणाऱ्यांची कला मात्र बॉयलरबरोबर गेली. म्हणून आयटीआयला ट्रेड निवडताना एक प्रश्न विचारायला हरकत नाही : मी शिकतोय ते कौशल्य एका इंजिनाचे आहे की कामाचे?

ब्रिटिश बनावटीचे वाफेचे इंजिन जवळून पाहायचे असेल, तर नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाता येईल. आणि छत्रपती संभाजीनगर स्थानकावर बाजूच्या रुळावर एखादे डिझेल इंजिन जागेवरच धडधडताना दिसले, तर घड्याळ लावून बघा, ते हलायला किती मिनिटे घेते.