पटावरचे खेळ – लेखांक ७ : तीन खड्यांचा डाव

गेल्या लेखांकात वाघ-बकरीचा विचार करताना विषम बळाच्या दोन पक्षांची झुंज कशी रंगते ते आपण पाहिले. आज ज्या डावाचा परामर्श घ्यावयाचा त्यात दोन्ही पक्षांचे बळ समसमान, म्हणजे प्रत्येकी अवघे तीन खडे, आणि पट इतका लहान की कोळशाच्या तुकड्याने तो क्षणार्धात आखता यावा. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाल्यापासून गाडीची वाट पाहणे हे हातकणंगल्याच्या अंगवळणीच पडलेले. त्यात कचेरीत तारखेला आलेल्या पक्षकाराला पुकारा होईतो किती ताटकळावे लागते ते सांगावयास नकोच. अशा सक्तीच्या फुरसतीला हा डाव मोठा सोयीचा, कारण तो बहुधा चार-पाच मिनिटांत निकाली निघतो आणि गाडी आली म्हणून अर्ध्यावर मोडला तरी कोणाचीच फिर्याद नसते.

एक चौकोन, त्याच्या मध्यातून एक उभी व एक आडवी रेघ, शिवाय दोन्ही कर्ण. रेघा जेथे मिळतात ती नऊ घरे. एकाकडे चिंचोके, दुसऱ्याकडे खापरीचे तुकडे. आळीपाळीने तिन्ही खडे मांडून झाले की मग रेघेवरून शेजारच्या रिकाम्या घरात एकेक खडा सरकवावयाचा, आणि ज्याचे तीन खडे प्रथम एका ओळीत येतील त्याची सरशी.

ओळी एकंदर आठ. त्यांपैकी चार मधल्या घरातून जातात, कोपऱ्यातल्या प्रत्येक घरातून तीन, आणि बाजूच्या मधल्या घरातून केवळ दोन. मधल्या घराचे हे माहात्म्य ओळखूनच काही ठिकाणी पहिला खडा तेथे ठेवण्यास मनाई असते. ती मनाई नसेल तर काय होते ते पाहू. चिंचोकेवाला मध्य घेतो, खापरीवाला वरचा डावा कोपरा. चिंचोका वरच्या बाजूच्या मध्यावर येताच खापरीवाल्याला खालच्या मध्यावर जाणे भाग पडते, नाहीतर उभी ओळ पुरी होते. आता तिसरा चिंचोका खालच्या डाव्या कोपऱ्यात बसला की वरचा चिंचोका उजव्या कोपऱ्यात सरकून तिरपी ओळ साधणार हे उघड दिसते. तेव्हा खापरीने तोही कोपरा अडवावयाचा. पहिला सोडल्यास खापरीवाल्याने एकही खडा स्वतःच्या मर्जीने ठेवलेला नाही, आणि त्या दोहोंपैकी एकालाही जागचे हलण्याची सोय नाही. खुंट्याला बांधलेल्या जनावरांसारखी त्यांची अवस्था!

येथे नवखा खेळाडू डाव जिंकलाच असे समजतो. परंतु खेळी चिंचोकेवाल्याची आहे, आणि हलणे सक्तीचे आहे. त्याचा वरचा चिंचोका तिन्ही बाजूंनी कोंडलेला. कोपऱ्यातला हलवावा तर बांधलेले दोन्ही खडे सुटतात, मधला हलवावा तर सगळी मांडणीच विस्कटते. ‘या वेळी पास’ म्हणण्याची मुभा असती तर हा खेळ पोरकट ठरला असता. माझ्या मते त्याची सारी गोडी या एका सक्तीत आहे, आणि जाणता खेळाडू आपला तिसरा खडा ठेवतानाच आपल्याला पुढे काय हलवावे लागेल याचा हिशेब करून ठेवतो. (सांगलीकडच्या बुद्धिबळप्रेमींना हा पेच नवा नाही, पण त्यांच्या खेळाला मंडळे लाभली, याला फरशी.)

फरशीचा दाखला मात्र जपून वापरावा. जुन्या देवळांच्या आणि लेण्यांच्या दगडी फरशांवर असे पट कोरलेले आढळतात, हंपीच्या देवळांत तर विपुल. तथापि फरशी जितकी जुनी तितकाच तिच्यावरचा पट जुना असे अनुमान काढणे धाडसाचे, कारण रिकामटेकडा हात आणि अणकुचीदार लोखंड कोणत्याही शतकात एकत्र येऊ शकतात. त्या मानाने ग्रंथाचा पुरावा पक्का. कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ साली सिद्ध करविलेल्या खेळांच्या ग्रंथात तीन खड्यांचा आणि नऊ खड्यांचा असे दोन्ही डाव सचित्र दिलेले आहेत.

नऊ खड्यांचा तो डाव म्हणजेच आपली नवकंकरी. तीत एकात एक तीन चौकोन, चोवीस घरे आणि सोळा ओळी असून, ओळ साधली की डाव संपत नाही, प्रतिपक्षाचा एक खडा उचलावयाचा असतो. दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाल्यास ती बरोबरीत सुटते, हे राल्फ गासर यांनी १९९३ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले. पुढील आठवड्यात तिचाच विचार करावयाचा आहे. वाचकांनी दोन रंगांचे नऊ-नऊ खडे तेवढे जमवून ठेवावेत.